गोठ्यातला रोग घरात येतो का? वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरं

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपचे मेसेज मिळून ढीग जमलाय, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी जनावराचं विचारता विचारता शेवटी हळूच स्वतःचंच विचारलंय, की डॉक्टर हे आम्हाला तर होणार नाही ना. म्हणून यावेळी दूधवाढ, रेतन, मुरघास वगैरे बाजूला ठेवलंय, ते पुढच्या अंकात बघू. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त तालुका ठेवलाय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्याकडं ९ एच.एफ. (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गाया आहेत. मागच्या काही महिन्यात तीन गायांनी सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकला. दोघींचा जार (वार) अडकला तो मी आणि मिसेसनी हातानंच काढला. आता मला दीड महिना झाला संध्याकाळी ताप भरतो, रात्री घामानं बनियन भिजतंय, कंबर आणि गुडघे धरलेत. टायफॉइडचं औषध दोनदा झालं, फरक नाही. एकजण म्हणाला गायांमुळं असेल, मला हसू आलं पण आता भीती वाटतेय. (ता. माढा)

उत्तर : दादा, हसण्यावारी नेऊ नका, त्या माणसानं बरोबर सांगितलंय. तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही पण तुम्ही जे लिहिलंय ते सगळं ब्रुसेलोसिसकडं बोट दाखवतंय, आमच्या पुस्तकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय शेवटच्या तिमाहीत गाभडते, जार अडकतो, आणि त्या जारात, त्या पाण्यात, गाभडलेल्या वासरात जंतू ठासून भरलेले असतात. हाताला बारीकशी चीर असली, गवत कापताना विळा लागलेला असला, तरी तेवढं पुरतं. डोळ्यात शिंतोडा उडाला तरी पुरतं.

आधी तुमचं बघू, गायांचं नंतर. उद्या सकाळीच एखाद्या एम.डी. फिजिशियनकडं जा आणि आत गेल्या गेल्या ताप सांगायच्या आधी हे वाक्य सांगा, "माझ्या गायांनी गाभ टाकलाय आणि जार मी हातानं काढलाय." हे सांगितलं नाही तर ते परत विडाल म्हणजे टायफॉइडची आणि मलेरियाचीच तपासणी करणार, त्यांचा दोष नाही, ताप, घाम आणि अंगदुखी शंभर रोगात असते आणि पेशंटला गोठ्याचं कुणी विचारत नाही. ब्रुसेलाची रक्ततपासणी वेगळी सांगावी लागते. निघालाच तर घाबरायचं कारण नाही, औषध आहे, पण सहसा दोन औषधं एकत्र आणि सहा आठवडे चालतात. इथंच लोक घसरतात. दहा-बारा दिवसात ताप जातो, माणूस कामाला लागतो, गोळ्या कपाटात राहतात, आणि दोन-तीन महिन्यात दुखणं परत उभं राहतं, कधी मणक्यात शिरतं, पुरुषांना अंडकोषाला सूज येते. तेव्हा कोर्स पूर्ण करा. वहिनींचीही तपासणी करा, ताप नसला तरी. त्यांना दिवस गेलेले असतील तर आजच डॉक्टरांना सांगा, थांबू नका.

आता गाया. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी कळवा, सगळ्या गायांचं रक्त तपासून घ्या, आणि गोठ्याच्या एकत्र दुधाची रिंग टेस्ट करून मागा. ही टेस्ट बघण्यासारखी असते म्हणून सांगतो. काचेच्या नळीत थोडं दूध घेतात, त्यात रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचे थेंब टाकतात आणि तासभर कोमट ठेवतात. दुधात रोगाच्या अँटिबॉडी असतील तर त्या रंगीत जंतूंना धरतात आणि सायीबरोबर वर जातात, म्हणजे खाली दूध पांढरंफेक आणि वर सायीत निळसर जांभळी कडी. काही नसेल तर उलटं, साय पांढरी आणि खालचं दूध रंगीत. संकलन केंद्राच्या कॅनवर सुद्धा ही टेस्ट होते, म्हणजे एका नळीत आख्खी वस्ती तपासली जाते. कॅनमध्ये कडी आली की मग एकेक गोठा, मग एकेक गाय असं मागं मागं जायचं. आता यात माणसाच्या दवाखान्याचा कुठंच संबंध आला नाही, पण त्या कडीनं तुमच्यासारखे किती ताप आधीच सापडतात बघा.

पॉझिटिव्ह निघालेली गाय बरी करण्याचं भरवशाचं औषध नाही, हे कडू आहे पण खरं आहे. अशी गाय लोक गुपचूप बाजार दाखवतात. कृपा करून करू नका, तुमचं दुखणं दुसऱ्याच्या गोठ्यात जातं आणि दोन वर्षांनी रेड्याच्या नाहीतर वळूच्या पायानं फिरून तुमच्याच वस्तीवर येतं. ती वेगळी बांधा, व्यायला आली की एकदम लांब, तिची धार सगळ्यात शेवटी. गाभडलेलं वासरू आणि जार उकिरड्यावर नाही, ओढ्यात तर अजिबात नाही, खोल खड्डा आणि वर चुना, कुत्र्यांनी उकरता कामा नये कारण कुत्री ते गावभर फिरवतात. जागेवर ब्लिचिंग किंवा चुना टाका. आणि इथून पुढं जार काढायला हात घालायचाच नाही. आम्ही खांद्यापर्यंतचे ग्लोव्ह घालतो ते हौस म्हणून नाही, पशुवैद्यकांना बरेचदा लागणारं दुखणं हेच आहे, तुम्हाला एखादा वयस्कर डॉक्टर गुडघे धरून जिना चढताना दिसला तर विचारून बघा.

कालवडींचं मात्र करता येतं. ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच, सरकारी कार्यक्रमात फुकट. २०१९ च्या सप्टेंबरात जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्यात लाळ खुरकूत आणि ब्रुसेला दोन्ही आहेत. गोऱ्ह्यांना नाही, गाभणीला नाही. लस जिवंत जंतूंची असते, टोचणाऱ्याला स्वतःला टोचली तर त्यालाच आजार होतो, म्हणून डॉक्टर गॉगल आणि ग्लोव्ह घालून आले तर "साहेब शूटिंगला आले" म्हणून पोरांनी चेष्टा करू नये, वासरू नीट धरावं.

दुधाचं म्हणाल तर उकळलं की जंतू मरतो, डेअरीत पाश्चराइज केलं तरी मरतो. चिकाचा खरवस वाफवलेला असतो, हरकत नाही. पण पोरांना गोठ्यातच पेला लावून धारोष्ण दूध पाजायची पद्धत आहे ना, ती तुमच्या घरात आजपासून बंद.

प्रश्न : आमच्या म्हशीला महिन्यापूर्वी कुत्रं चावलं होतं, हळद लावली, बरी झाली. चार दिवसापूर्वी सारखी हंबरायला लागली, लाळ गळायची, पाणी गिळता येईना. वाटलं घशात बटाटा नाहीतर कोय अडकली, भावानं तोंडात हात घालून बघितलं, काही नव्हतं. काल मेली. तिचं दूध आम्ही आणि शेजारची तीन घरं घेत होतो, पाहुण्यांना ताक पण दिलंय. सगळे घाबरलेत. (ता. सिन्नर)

उत्तर : हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं म्हणून तुम्हाला फोनवर सांगून झालंय, इतरांसाठी छापतोय.

सगळ्यात धोक्यात तुमचा भाऊ. बाकी कुणाचं नंतर बघा, त्याचं आधी. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत विषाणू असतो आणि तोंडात हात घातला की दाताचा ओरखडा येतोच, दिसो न दिसो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुणं हे पहिलं काम, मग सरकारी हॉस्पिटल. लस तर घ्यायचीच, पण ओरखडा असेल तर जखमेत सिरम (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) सुद्धा लागतं, ते मागून घ्या, नुसत्या लशीवर परत पाठवलं तर विचारा. दंडात सुई देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८, एकही चुकवायचं नाही. एकदा लक्षणं आली की या रोगाला औषध नाही, माणसात नाही आणि म्हशीतही नाही.

ही गोष्ट मी प्रत्येक सभेत सांगतो तरी दरवर्षी होते. गाय म्हैस सारखी हंबरतेय, लाळ गाळतेय, गिळत नाहीये, की आपल्या डोक्यात पहिलं येतं घशात अडकलं. हात घालायचा नाही. आधी आठवायचं, कुत्रं, मुंगूस, कोल्हा काही चावलं होतं का, आणि डॉक्टरला बोलवायचं, तोपर्यंत पाणी पाजायलाही जवळ जायचं नाही.

दुधाचं ऐका. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. ताक, दही, तूप उकळलेल्या दुधाचंच असणार, तेव्हा पाहुण्यांना फोन करून घाबरवू नका. कच्चं दूध कुणी प्यायलं असेल तर तेवढ्यांनी डॉक्टरांना दाखवावं. ज्यांनी धार काढली, लाळ पुसली, वैरण भरवली, आणि हाताला जखम होती, त्यांनी मात्र भावाबरोबरच जावं. एका म्हशीमुळं सगळं गाव लशीच्या रांगेत उभं राहिल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, त्यात खरी गरज असलेला माणूस मागं राहतो आणि लस संपते. हे चाळण्याचं काम गावातल्या पशुवैद्यकानं आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरनं एकत्र बसून करायचं असतं, म्हैस नक्की कशानं मेली, ते कुत्रं अजून कुणाकुणाला चावलं, कुठल्या गल्लीतून गेलं. महिन्यापूर्वीच्या त्या कुत्र्यानं तुमची एकच म्हैस धरली असेल असं मला वाटत नाही. चावल्या दिवशी जनावराची जखम साबणानं धुवून लगेच लस सुरू केली तर जनावरही वाचू शकतं, पाच डोस असतात, हळदीनं काही होत नाही.

आणि हे सगळं टळू शकतं हे गोव्यानं करून दाखवलंय. तिथं सरकारचं पशुसंवर्धन खातं आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून २०१४ पासून दरवर्षी गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस देतात, जाळीनं धरायचं, टोचायचं, अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा म्हणजे तेच कुत्रं परत धरलं जात नाही, आणि मोबाइलवर नोंद करायची. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. २०१४ मध्ये माणसं मरत होती, २०१८ आणि २०१९ मध्ये एकही नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. माणसांना टोचून नाही, कुत्र्यांना टोचून. आपल्याकडं अजून प्रत्येक गावात पहिला प्रश्न कुत्री मारायची का हाच असतो.

प्रश्न : विमा उतरवलेली गाय सकाळी मेलेली सापडली. आदल्या रात्री चांगली होती. सरकारी डॉक्टर आले, लांबून बघितलं, कानातून थेंबभर रक्त घेतलं आणि पोस्टमार्टम करणार नाही म्हणाले. वर कातडं पण काढू दिलं नाही, खड्डा करून पुरायला लावली. आता विम्याचं काय? हा माज नाही का? (ता. जत)

उत्तर : तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय की नाकातून आणि मागून काळपट रक्त येत होतं आणि ते गोठत नव्हतं. मामा, तेवढं वाचलं आणि मला त्या डॉक्टरला फोन करून शाबासकी द्यावीशी वाटली.

ही लक्षणं अँथ्रॅक्सची, कुणी फाशी म्हणतं कुणी काळपुळी. अशा संशयात जनावर फाडायचंच नसतं, तो नियम आहे. अंगात आहे तोवर जंतू सडून मरतो, पण फाडलं, हवा लागली, की तो टणक कवच करून बसतो आणि ते कवच मातीत कितीतरी दशकं टिकतं. म्हणजे तुमच्या गायीचं पोस्टमार्टम त्या बांधावर झालं असतं तर तुमच्या नातवाच्या गायी तिथं चरून मेल्या असत्या. आणि कातडं काढणाऱ्याच्या हातावर फोड येतो, दुखत नाही, मधोमध कोळशासारखी काळी खपली, लवकर दाखवलं तर औषधानं बरा होतो, नाहीतर जीवावर. मटण वाटून घेतलं असतं तर काय झालं असतं ते लिहीत नाही.

कानातला तो थेंब काचेवर पसरून, रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यात जंतू दिसतो. तो रिपोर्ट मागून घ्या, डॉक्टरांकडून दाखल्यावर पी.एम. का केलं नाही ते कारण लिहून घ्या, गायीचा आणि कानातल्या बिल्ल्याचा फोटो असेलच, हे सगळं जोडून कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. खड्डा खोल आहे ना, चुना टाकलाय ना, त्यावर काट्या टाकून ठेवा, तिथं चरायला सोडू नका. आणि बाकीच्या जनावरांना लस कधी द्यायची ते त्याच डॉक्टरांना विचारा, भांडण मिटवून.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक उत्तरात दवाखान्यात कळवा म्हणता. आमच्या दवाखान्याला कुलूप असतं. (ता. पाथरी)

उत्तर : बरोबर आहे तुमचं, यावर माझ्याकडं गुळगुळीत उत्तर नाही. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ मध्येच सांगितलं होतं की ५००० जनावरांमागं एक पशुवैद्यक हवा. तेव्हापासून ते भाषणातच आहे, जागा रिकाम्या, एका डॉक्टरकडं दोन-दोन, तीन-तीन दवाखान्यांचा चार्ज, त्यात लसीकरण, टॅगिंग, पंचनामे आणि मीटिंगा. मग गावात बॅग घेऊन फिरणारा जो कुणी असेल तोच डॉक्टर होतो, त्याच्याकडं नोंदणी आहे की नाही कुणी विचारत नाही. तरी तीन गोष्टी करा. १९६२ हा टोल फ्री नंबर फोनमध्ये सेव्ह करा, फिरतं पथक त्यावरून येतं. दुसरं, ग्रामपंचायतीत लेखी द्या, कारण जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्याप्रमाणं साथीचा संशय असेल तर कळवणं ही मालकाचीही जबाबदारी आहे आणि गावच्या अधिकाऱ्यांचीही, तुमच्या अर्जाची पोच हा पुरावा असतो. तिसरं, एकापेक्षा जास्त जनावरं एकाच लक्षणानं आजारी असतील तर ते शब्द तसेच वापरा, "दोन दिवसात पाच जनावरं". एक गाय आजारी म्हटलं की नंबर लागतो, पाच म्हटलं की गाडी निघते.

प्रश्न : घरच्या गावरान कोंबड्या पटापट मरतायत, माना वाकड्या होतात. सासूबाई म्हणतात मानमोडी आहे, दरवर्षी येते. पण कळवलं तर नवापूरसारख्या सगळ्या कोंबड्या मारून टाकतील म्हणून गल्लीत सगळे गप्प आहेत. काय करू? (ता. साक्री)

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, माना वाकड्या होणं हे मानमोडीचंच म्हणजे राणीखेतचं जुनं लक्षण, आणि त्याला स्वस्तातली लस आहे जी दरवर्षी रोग येण्याआधी द्यायची असते. पण बर्ड फ्लू पण सुरुवातीला असाच दिसू शकतो आणि अंगणात उभं राहून नजरेनं दोन्हीतला फरक सांगणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो, तिथूनच शिक्का बसतो.

तुमच्याच शेजारचं नवापूर, २००६ चा फेब्रुवारी, देशातला पहिला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, तिथं सापडला. तिथं काही लाख पक्षी नष्ट केले, आमची पोरं तो पांढरा पोशाख, मास्क आणि गॉगल घालून दिवसच्या दिवस शेडमध्ये होती, बाहेर आली की पोशाखातून पाणी ओतावं इतका घाम. कुणाला आवडतं का ते काम? आपण पक्षी वाचवायला शिकलेले लोक. पण त्या साथीत नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचं निघालं नाही. त्याचं श्रेय त्या घामाला आहे असं मी मानतो. आणि हा रोग गेलेला नाही, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्यात, २०२५ च्या सुरुवातीला उदगीरला कावळे पडायला लागले तेव्हा तोच, आणि नागपूरच्या गोरेवाड्यात तर तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं गेला.

आता तुमच्या गल्लीला सांगा, भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे गप्प बसून रोज चार-चार मरू देण्यात पैशाचंही नुकसानच. मेलेली कोंबडी उघड्या हातानं धरू नका, प्लॅस्टिकची पिशवी हातावर उलटी घालून उचला, दुसऱ्या पिशवीत बांधा, पोरांना लांब ठेवा. आजारी कोंबडी कापून शिजवायची नाही, धोका खाण्यात कमी आणि कापण्या-सोलण्यात जास्त असतो. बाजारातली चांगली कोंबडी आणि अंडी नीट शिजवून खुशाल खा, ७० अंशाच्या वर हा विषाणू टिकत नाही आणि आपली रस्सा भाजी त्याच्या कितीतरी पुढं जाते.

प्रश्न : गोठ्यावरून रोज दूध घेते. आठवड्यात दोनदा असं झालं की दही लागलंच नाही, विरजण तेच, हवा गरम. दूधवाले काका म्हणतात तुमचंच विरजण खराब. (पुणे)

उत्तर : विरजण खराब असू शकतं, पण काकांना हळूच विचारा की एखाद्या गायीला दगडी झाली होती का. कासदाह झाला की सडातून अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडतात, आणि पुढं काही दिवस ते औषध दुधात उतरत राहतं. विरजण म्हणजे जिवंत जंतू, औषधानं ते मरतात, दही लागत नाही. उकळून हे औषध जात नाही, इथं उकळण्याचा मंत्र चालत नाही.

ट्यूबच्या खोक्यावर किती दिवस दूध विकायचं नाही ते लिहिलेलं असतं. डॉक्टरनं सांगायला हवं आणि मालकानं पाळायला हवं, दोन्हीकडं ढिलाई आहे, आमच्या बाजूनं पण आहे, ट्यूब मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळते हेही आहे. एका पेल्यानं तुम्हाला काही होणार नाही, पण अशा थोड्या थोड्या डोसात जंतू पक्के होतात आणि मग माणसाच्या आय.सी.यू. मध्ये औषध लागू पडत नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जायचं, २०१९ मध्ये सरकारनं खाण्याच्या प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

गुरांचं औषध कुठून कुठं पोचतं त्याचं अजून एक उदाहरण द्यायचा मोह होतोय. डायक्लोफेनॅक, साधं दुखण्याचं इंजेक्शन. ते दिलेली गुरं मेली, गिधाडांनी खाल्ली, गिधाडांची मूत्रपिंडं गेली आणि देशातली गिधाडं जवळजवळ संपली. मढी तशीच पडायला लागली, त्यावर कुत्री पोसली. २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद झालं. आता वरचा सिन्नरचा प्रश्न परत वाचा.

प्रश्न : लम्पी झालेल्या गायीचं दूध प्यावं का? (ता. रावेर)

उत्तर : उकळून प्या. लम्पी माणसाला होत नाही. २०२२ मध्ये तुमच्या जळगाव भागातून साथ सुरू झाली तेव्हा व्हॉट्सॲपवर फोड आलेल्या माणसांचे फोटो फिरले, ते खोटे होते. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचून साथ आवरली. तुम्ही गोचीड, माश्या आणि डास आवरा, आणि पावसाळ्याआधी लस घ्या.

प्रश्न : मुलगी नीटची परीक्षा देतेय, म्हणते बी.व्ही.एस्सी. करणार. नातेवाईक हसतात, "गुरांचा डॉक्टर होणार का" म्हणून. तुमचं मत? (कोल्हापूर)

उत्तर : हसू द्या. त्यांनी सकाळी जो चहा घेतला त्यातलं दूध, आणि रविवारी जे मटण आणलं ते, त्यामागं कुठंतरी एक पशुवैद्यक असतो किंवा असायला हवा. मुंबईच्या देवनार कत्तलखान्यात बकरा कापण्याआधी आणि कापल्यावर दोन्ही वेळा पशुवैद्यक बघतो, यकृतात पाण्याच्या गाठी आहेत का, अंगात ताप होता का, मग शिक्का. शिक्का नसलेलं मटण खाणारे हेच नातेवाईक.

इतिहास विचारलात तर मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ चं आहे. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी देशातली सगळ्यात मोठी पशुवैद्यक संशोधन संस्था आहे तिची सुरुवात १८८९ मध्ये आपल्या पुण्यात झाली. तेव्हाचा शत्रू होता बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट, गुरांची जीवघेणी साथ, गावंच्या गावं बैलांवाचून बसायची, आणि बैल नाही म्हणजे पेरणी नाही, पेरणी नाही म्हणजे उपास. ती बुळकांडी भारतात १९९५ नंतर दिसली नाही, २००६ मध्ये देश मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. माणसाची देवी सोडली तर आख्ख्या पृथ्वीवरून पुसलेला हा एकच रोग, आणि तो गुरांच्या डॉक्टरांनी पुसलाय.

साडेपाच वर्षांचा कोर्स आहे, इंटर्नशिप धरून. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथं कॉलेजं आहेत. कष्ट आहेत, रात्री दोनला अडलेल्या म्हशीसाठी चिखलात झोपावं लागतं, मुलगी म्हणून "बाई कशी ओढणार वासरू" हेही ऐकावं लागेल, पण आता वर्गात मुली भरपूर आहेत आणि छान ओढतात. एक अट, पहिल्याच वर्षी तिला रेबीजची आगाऊ लस द्या, हे घरच्यांनी लक्षात ठेवून करायचं.

प्रश्न : काजूच्या बागेत माकड मरून पडलंय. गुरं त्याच रानात चरतात. काही करायचं की पुरून टाकू? (ता. दोडामार्ग)

उत्तर : हात लावू नका, पुरूही नका, आधी कळवा. तुमच्या तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापानं माणसं गेलीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, आणि तिथं सगळ्यात आधी खबर माकडंच देतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाल्यात बसून राहतात, मग जो पहिला गरम रक्ताचा जीव जाईल त्याला धरतात. वनखातं, आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना तिघांनाही फोन करा, एकाला केला की तो दुसऱ्याला सांगेल या भरवशावर राहू नका. नमुना घ्यायचं आणि विल्हेवाट लावायचं काम त्यांचं, आजूबाजूला गोचीड मारायची पावडरही ते टाकतील.

गुरांना हा ताप येत नाही पण गोचीड घरापर्यंत तीच आणतात. तेव्हा गुरं तिकडं सोडायची नाहीत, अंगावर गोचिडीचं औषध लावून घ्या, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत पण मारा, तिथं ती अंडी घालते. रानात गेलात तर पूर्ण बाहीचं आणि पायजमा मोज्यात खोचून, घरी आलात की गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे लगेच भिजत. कुणाला सात-आठ दिवसात जोराचा ताप आला तर "रानात मेलेलं माकड होतं" हे डॉक्टरला सांगायचंच. आणि काजू बोंडं पडून कुजली तरी चालतील, पावडर टाकून होईपर्यंत त्या बाजूला कुणी वेचायला जाऊ नका.